कामावर जाणारा मधुमेही

आमच्या वाचकांपैकीं असें कुटुंब आतां क्वचितच सांपडेल, कीं ज्याच्या फडताळांत मधुमेहाच्या गोळ्यांची एक तरी पट्टी नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशभर जी मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून या देशांत १० कोटी १० लक्ष माणसांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लक्ष माणसें त्याच्या उंबरठ्यावर उभीं असल्याचा अंदाज निघाला. हे आंकडे वाचून दचकण्याचेंही आतां कोणाला कारण उरलें नाहीं. कारण प्रत्येकाच्या घरीं एक काका, एक आत्या, नाहीं तर स्वतः यजमान या संख्येंत आहेतच.

घरोघर या रोगाशीं जें युद्ध चालतें तें मुख्यत्वें स्वयंपाकघरांत. चहांतील साखर बंद होते, भाताची मूद लहान होते, आणि आमरसाच्या वाटीवर सासूची व सुनेची, इतर बाबतींत कितीही मतभेद असले तरी, सारखीच नजर राहते. हें सर्व योग्यच आहे. परंतु ज्या मनुष्यासाठीं हा सारा खटाटोप, तो सकाळीं साडेआठाला घर सोडतो आणि सायंकाळीं सातांपूर्वीं परत येत नाहीं. त्या दहा तासांत त्याची साखर किती चढते, किती उतरते, त्याचें जेवण कधीं होतें, आणि त्याला एकाएकीं कांहीं झालें तर जवळच्या माणसाला काय करावयाचें हें ठाऊक आहे कीं नाहीं, याचा विचार फारच थोड्या घरीं झालेला आम्हांस आढळतो. त्या दहा तासांविषयीं आज लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मधुमेहाचें नांव काढतांच वाढलेली साखर डोळ्यांपुढें येते, आणि तिचें भय खोटें नव्हे. ती डोळे, मूत्रपिंडें, हृदय आणि पायांच्या नसा हळूहळू पोखरीत असते. पण ती सावकारासारखी आहे. वर्षानुवर्षें व्याज चढवीत बसते. उतरलेली साखर मात्र दरोडेखोर आहे. थोड्या मिनिटांत ती शहाण्या मनुष्याचें भान हिरावून नेते, आणि तो मनुष्य त्या वेळीं शिडीवर, यंत्रापाशीं अगर मोटारीच्या चाकामागें असेल तर पुढें काय घडेल हें सांगावयास नको.

असें होण्याचें कारण समजून घेतलें पाहिजे. निरोगी शरीरांत रक्तांतील साखर कमी होऊं लागली कीं स्वादुपिंड इन्शुलिन सोडण्याचें आंवरतें, आणि यकृत आपल्या कोठारांतील साखर बाहेर काढून तूट भरून देतें. जेवण दोन तास लांबलें तरी आपणांस नुसती भूक लागते, ती याच व्यवस्थेमुळें. बाहेरून टोचून घेतलेल्या इन्शुलिनच्या अंगीं हा विवेक नाहीं. सकाळीं सातांला टोचलेलें औषध ठरल्या वेळीं आपलें काम करणार. साहेबांची बैठक लांबली, लोकलगाडी दादरला अडकली, कीं डबा चुकून दुसऱ्या मजल्यावर गेला, हें त्याला कळत नाहीं.

अर्थात् या इन्शुलिनमुळेंच मधुमेही मनुष्य कामावर जाऊं लागला, हेंही विसरतां कामा नये. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट या दोघांनीं तें द्रव्य वेगळें काढलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें लिओनार्ड थॉम्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलाला तें प्रथम टोचण्यांत आलें. पहिला प्रयोग फसला. द्रव्य पुरेसें शुद्ध नव्हतें. कॉलिप यांनीं तें शुद्ध करून दिल्यावर बारा दिवसांनीं पुन्हां टोचलें, आणि मुलाला उतार पडला. त्यापूर्वीं लहान वयांत हा रोग जडलेल्यांना जवळजवळ उपाशी ठेवणें एवढाच उपचार वैद्यांच्या हातीं होता. असें मूल पुढें कधीं नोकरीला लागेल हा प्रश्नच उद्भवत नसे.

औषधांविषयीं एक गोष्ट प्रत्येक गृहिणीनें माहीत करून घ्यावी असें आम्हांस वाटतें. 'मधुमेहाची गोळी' म्हणून एकच एक वस्तु नाहीं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयूरिया वर्गांतील गोळ्या स्वादुपिंडाला चाबूक मारून इन्शुलिन काढावयास लावतात; पोटांत अन्न असो वा नसो, चाबूक चालूच राहतो. साखर एकाएकीं उतरण्याचा धोका मुख्यत्वें या गोळ्या आणि इन्शुलिन घेणाऱ्यांनाच असतो. उलटपक्षीं मेटफॉर्मिन, किंवा ज्यांच्या नांवाच्या शेवटीं 'ग्लिप्टिन' वा 'ग्लिफ्लोझिन' येतें तीं औषधें, एकटींच घेतलीं असतां असा प्रसंग विरळा. पण हल्लीं एकाच गोळींत दोन-दोन, तीन-तीन औषधें मिसळलेलीं असतात आणि वर ठळक अक्षरांत निराळेंच व्यापारी नांव असतें. म्हणून पट्टीवरील बारीक अक्षरें चष्मा लावून एकदां वाचावीं. आपल्या माणसाच्या पोटांत चाबूक मारणारी गोळी जाते कीं नाहीं, हें त्या बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें.

रक्ताच्या एका डेसिलिटरांत साखर ७० मिलिग्रॅमच्या खालीं गेली कीं ती उतरली असें समजतात. हात कांपूं लागतात, कपाळावर थंड घाम येतो, छातींत धडधडतें, कडकडून भूक लागते. ही शरीराची हांक होय. ५४ च्या खालीं गेल्यावर मेंदूलाच इंधन अपुरें पडूं लागतें. मग बोलणें अडखळतें, साधी बेरीज जमत नाहीं, स्वभाव एकदम चिडखोर होतो, आणि विशेष म्हणजे रोगी मदत घेण्याचेंच नाकारतो. ज्यांचा रोग जुना आहे किंवा ज्यांची साखर वारंवार उतरते, अशांना पुढें पुढें पहिली हांक ऐकूंच येत नाहीं. रक्तदाबासाठीं वा हृदयासाठीं बीटा-ब्लॉकर वर्गांतील औषध चालूं असेल तर कांपरें व धडधड हीं लक्षणें दडून राहतात. घाम तेवढा सूचना देतो. उन्हाळ्यांत गिरणींत किंवा छापखान्यांत घामाची ती सूचना कोण ओळखणार?

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ एका कारखान्याच्या कोठारांत मुख्य कारकून होते. मार्चअखेरची मोजदाद चालूं होती आणि दुपारचे तीन वाजून गेले तरी जेवणाचा पत्ता नव्हता. सहकाऱ्यांनीं पाहिलें तों हे वहींत एकच आंकडा खालीं खालीं लिहीत चालले आहेत. विचारावयास गेलेल्या हाताखालच्या मुलावर ते असे कांहीं खेंकसले कीं सारे चकित झाले. बोलणें जड, पाय लटपटत, अंग घामानें निथळलेलें. 'आज दिवसाढवळ्या घेऊन आलेले दिसतात,' अशी कुजबुज सुरू झाली. सुदैवानें दारावरच्या रखवालदाराची आई मधुमेही होती. त्यानें काय तें ओळखलें, भांडूनच त्यांना चार चमचे साखर घातलेलें सरबत पाजलें, आणि वीस मिनिटांनीं हे गृहस्थ 'मोजदाद कोठवर आली?' असें विचारते झाले. मधल्या वेळांतलें त्यांना कांहींएक आठवत नव्हतें. ज्यांच्याबरोबर त्यांनीं सोळा वर्षें काम केलें, त्यांपैकीं एकालाही त्यांचा रोग ठाऊक नव्हता. दारू प्यायल्याचा आरोप त्यांना सोसला, पण मधुमेहाची कबुली सोसली नसती!

ही लपवालपवी आमच्या मतें कामाच्या जागीं मधुमेह्याचा सर्वांत मोठा शत्रु आहे. तिचीं कारणें आम्हांस समजतात. बढती हुकेल, फिरतीचें काम काढून घेतलें जाईल, मालक उद्यां दुसरा मनुष्य पाहील, ही भीति सर्वस्वीं निराधार नाहीं. आमच्या घरांतून तिच्यांत आणखी एक भर पडते, ती लग्नाच्या बाजाराची. मुलाला किंवा मुलीला लहानपणींच इन्शुलिन सुरू झालें असलें तर 'बाहेर बोलूं नकोस' हा पाठ त्याला घरींच मिळतो. आणि घरीं शिकलेला पाठ तो कचेरींतही गिरवितो. शौचगृहांत दार लावून सुई टोचणारे, मीटिंगमध्यें हात कांपूं लागले तरी खिशांतली ग्लुकोजची पुडी काढावयास लाजणारे तरुण आम्हीं पाहिले आहेत.

ज्यांना असें वाटतें कीं रोग उघड झाला म्हणजे कर्तृत्व संपलें, त्यांनीं कांहीं उदाहरणें ध्यानांत घ्यावीं. पाकिस्तानचा गोलंदाज वसीम अक्रम याला १९९७ सालीं मधुमेह असल्याचें कळलें. त्यानंतर तो इन्शुलिन घेऊन २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि आपल्या रोगाविषयीं चारचौघांत बोलत राहिला. इंग्लंडचा नौकापटु स्टीव्ह रेडग्रेव्ह यालाही १९९७ मध्येंच हा रोग जडला, आणि २००० सालीं सिडनी येथें त्यानें ऑलिंपिकमधील आपलें पांचवें सुवर्णपदक मिळविलें. याहून बोधक गोष्ट वैमानिकांची. इन्शुलिन घेणाऱ्याला प्रवाशांनीं भरलेलें विमान चालवूं देणें हें एके काळीं अचाट वाटलें असतें. ब्रिटनच्या नागरी विमान खात्यानें २०१२ पासून, व अमेरिकेनें २०१९ च्या अखेरीस, ठराविक अटींवर ही परवानगी दिली. ब्रिटनची अट अशी कीं उड्डाणापूर्वीं अर्धा तास, उड्डाणांत दर तासाला, आणि उतरण्यापूर्वीं पुन्हां, साखर मोजलीच पाहिजे. शिवाय शेजारीं दुसरा वैमानिक हवाच. म्हणजे भरंवसा ठेवला तो रोग नसल्याच्या बतावणीवर नव्हे, तर मोजमापावर आणि सोबतीवर.

तेव्हां सांगावें, पण कोणाला? सूचनाफलकावर लावण्याची आवश्यकता नाहीं. शेजारच्या मेजावरील एक भरंवशाचा सहकारी, ज्याच्या हाताखालीं काम करावयाचें तो एक अधिकारी, आणि कारखान्यांत प्रथमोपचाराची खोली असल्यास तेथील मनुष्य, एवढ्यांना सांगितलें म्हणजे पुरे. सांगावयाचें तेंही थोडकें आहे: मला मधुमेह आहे, मी वेड्यासारखा बोलूं लागलों, घामाघूम झालों किंवा पेंगूं लागलों तर माझी साखर उतरली आहे, ग्लुकोज माझ्या मेजाच्या उजव्या खणांत आहे, मी नको म्हटलें तरी द्या. हें शेवटचें वाक्य अवश्य सांगावें. पाकिटांत नांव, औषधें व घरचा दूरध्वनि लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. रस्त्यांत किंवा गाडींत जो मनुष्य मदतीला येईल, तो आपला शेजारी नसतो.

आतां साखर उतरली असतां करावयाचें काय, तें सविस्तर सांगणें जरूर आहे. कारण येथें चांगल्या शिकलेल्या घरांतही घोटाळे होतात. रोगी शुद्धीवर असून गिळूं शकत असेल तर सुमारे पंधरा ग्रॅम साखर लगेच पोटांत गेली पाहिजे. म्हणजे चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यांत विरघळून, किंवा तितकीच ग्लुकोजची पूड, किंवा लहान पेलाभर गोड फळांचा रस. पंधरा मिनिटें थांबून पुन्हां मोजावें. अजून ७० च्या खालीं असेल तर तेवढेंच पुन्हां द्यावें. साखर वर आल्यावर, जेवणाला अवकाश असेल तर पोळी, दूध, बिस्किटें असें कांहीं खावें. या प्रसंगीं पेढा, बर्फी किंवा बेसनाचा लाडू देऊं नये. त्यांतील तुपामुळें व स्निग्धांशामुळें साखर रक्तांत उशिरां पोंचते. चॉकलेटचेंही तेंच. गोड तें सर्व सारखें, हा समज येथें घातक ठरतो. ज्यांना अकार्बोज किंवा व्होग्लिबोज हें औषध चालूं आहे त्यांना तर साधी साखरही लवकर उपयोगी पडत नाहीं, कारण तें औषध साखरेचें विघटनच मंद करतें. अशांनीं ग्लुकोजच बाळगावें. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींएक घालूं नये, सरबताचा चमचाही नाहीं. तें श्वासनळींत उतरतें. त्याला कुशीवर वळवावें आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ग्लुकॅगॉनचें इंजेक्शन जवळ असेल व तें टोचण्याचें कोणी शिकलेलें असेल तर तें द्यावें. चाबकाच्या गोळ्या घेणारा मनुष्य, विशेषतः वृद्ध असेल वा त्याचीं मूत्रपिंडें अधू असतील तर, एकदां सुधारला म्हणून घरीं पाठवूं नये. त्याची साखर पुढील कित्येक तास पुन्हां पुन्हां उतरूं शकते. त्याला इस्पितळांत नजरेखालीं ठेवणेंच इष्ट.

परंतु ही पाळी येऊं नये यासाठीं जेवणाची वेळ संभाळणें हा खरा उपाय. १९४८ च्या कारखाने कायद्यानें मजुराला पांच तासांहून अधिक काळ सलग राबवूं नये, मध्यें निदान अर्धा तास विसांवा द्यावा असें ठरविलें. कचेरींतील सुशिक्षित मनुष्य मात्र आपखुशीनें आठ आठ तास उपाशी बसतो आणि त्याला कर्तव्यनिष्ठा म्हणतो. मधुमेह्याला ही चैन परवडणारी नाहीं. त्याच्या पिशवींत दोन डबे असावेत. एक जेवणाचा, दुसरा लहान, साडेदहा किंवा चार वाजतां उघडण्यासाठीं, फुटाणे, शेंगदाणे, एखादें फळ असा. तिसरी वस्तु म्हणजे ग्लुकोजची पुडी. ती पिशवींत नव्हे, खिशांत. पिशवी गाडींत फळीवर राहते आणि आपण गर्दींत दाराशीं अडकतों.

डब्याविषयीं आणखी थोडें सांगितलें पाहिजे. तपासणींत साखर वाढलेली निघाली कीं घरांत एकदम उत्साह संचरतो. दुसऱ्या दिवसापासून डब्यांतल्या तीन पोळ्यांची एक होते, भात अदृश्य होतो, आणि त्यांची जागा काकडीची कोशिंबीर घेते. हेतु अत्यंत प्रेमाचा. पण औषधाची मात्रा जुन्या जेवणाच्या मापानें ठरलेली असते. जेवण अर्धें आणि औषध पूर्ण, याचा परिणाम दुपारीं चार वाजतां कचेरींत दिसतो. डब्यांत मोठा बदल करावयाचा तर तो डॉक्टरांना कळवून, औषध व अन्न दोहोंचा मेळ घालूनच करावा.

हीच गोष्ट उपवासांची. संकष्टीला चंद्रोदय बहुधा रात्रीं नवाच्या सुमारास किंवा त्याहून उशिरां होतो. सकाळीं नेहमींची गोळी घेऊन, दिवसभर कचेरींत चहावर राहून, रात्रीं चंद्राची वाट पाहत गच्चीवर उभें राहणें म्हणजे काय, हें वर लिहिलेल्यावरून वाचकांच्या लक्षांत येईल. जे निर्जळी न करितां फराळ करतात, त्यांची साबुदाण्याची खिचडी बहुतेक नुसतें पिष्ट. ती साखर झपाट्यानें चढविते. उपवास करावयाचाच असेल तर चार दिवस आधीं डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची मात्रा बदलून घ्यावी. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनीं तर विशेष विचारावें. लांबलेल्या उपवासांत त्यांच्या रक्तांत आम्ल सांठण्याचा धोका असतो, आणि तो साखरेचा आंकडा फारसा वाढलेला नसतांही येतो. मळमळ, उलट्या, धाप लागणें हीं त्याचीं चिन्हें. आणि साखर ७० च्या खालीं गेली तर चंद्राची वाट पाहूं नये. आपल्या धर्मशास्त्रानें आतुराला सूट दिलेली आहे; ज्या आठ गोष्टींनीं व्रतभंग होत नाहीं म्हणून सांगितलें आहे, त्यांत औषध एक आहे. त्या वेळची साखर ही औषधच होय.

येथपर्यंत आम्ही कचेरी व कारखाना यांविषयीं लिहिलें. परंतु आमचीं घरेंही कोणाची तरी कामाची जागा आहेत, ही गोष्ट आम्हांस सहसा सुचत नाहीं. श्राद्धाचेंच पाहा. अपराह्णकाळाशिवाय पिंडदान नाहीं, आणि तें झाल्याशिवाय पान नाहीं. पितृपक्षांत गुरुजी पहाटे उठून सोंवळ्यांत घरोघर फिरतात, आणि पानावर बसावयास दोन वाजतात. ते साठीच्या घरांतले असले तर मधुमेह असण्याचा संभव मोठा. आणि पोटापाण्याच्या व्यवसायांत 'मला मधेंच खावें लागतें' हें यजमानाला सांगणें त्यांना कारखान्यांतल्या कारकुनाहून अधिक जड जातें. मग दिवसभराच्या उपाशीपोटीं खीर आणि वडे पडतात, आणि उतरलेली साखर एका तासांत दुसऱ्या टोकाला जाते. मुहूर्त ठरवितांनाच यजमानानें आपण होऊन विचारावें, 'गुरुजी, आपल्या औषधाची वेळ कोणती?' सकाळीं त्यांना दूध वा फळ आग्रहानें द्यावें, पान त्यांच्या वेळेप्रमाणें मांडण्याची तयारी ठेवावी, आणि खिरीचा आग्रह मात्र करूं नये.

तेंच स्वयंपाकीणबाईंचें. चार घरच्या पोळ्या लाटून झाल्यावर दीड वाजतां त्या स्वतःच्या घरीं जेवतात. तेंच मोटार हांकणाऱ्याचें. कार्यालयांत आपण पंगतीला बसतों आणि तो बाहेर गाडींत. शेवटच्या पंगतीनंतर त्याची आठवण होते, आणि लगेच 'चल, पुण्याला आठपर्यंत पोंचायचें आहे' म्हणून सारें कुटुंब त्याच्या हातीं आपला जीव देतें. इन्शुलिन किंवा चाबकाच्या गोळ्या घेणाऱ्यानें, मग तो नोकर असो वा मालक, चाकावर हात ठेवण्यापूर्वीं साखर मोजावी. ती ९० च्या खालीं असेल तर आधीं खावें. ब्रिटनमध्यें लांबच्या प्रवासांत दर दोन तासांनीं मोजण्याची, आणि साखर उतरल्यास ती पूर्ववत् झाल्यावरही पाऊण तास गाडी न चालविण्याची शिस्त आहे. कारण आंकडा आधीं सुधारतो आणि बुद्धि मागून. आपल्या घाटरस्त्यांना ती शिस्त अधिकच लागू पडते. उंचावर चढणें, भट्टीपाशीं किंवा उघड्या पट्ट्यांच्या यंत्रापाशीं काम करणें, एकट्यानें विजेची दुरुस्ती करणें, यांनाही हाच दंडक लावावा. 'मधुमेही म्हणून हें काम नको' असा सरसकट नियम मात्र आम्हांस मान्य नाहीं. ज्याला औषधानें साखर उतरण्याचा धोकाच नाहीं त्याला काढणें अन्यायाचें होईल. माणूस पाहून, औषध पाहून ठरवावें.

रात्रपाळी हा नव्या पिढीचा भोग. अमेरिकेंतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीवरून २०११ सालीं असें प्रसिद्ध झालें, कीं जितकीं अधिक वर्षें रात्रपाळी फिरत राहते तितका मधुमेहाचा संभव वाढतो. ज्यांना तो आधींच आहे त्यांनीं पाळी बदलतांना डॉक्टरांकडून औषधाच्या वेळा नव्यानें लिहून घ्याव्या. सकाळची गोळी आतां कोणत्या सकाळीं, हा प्रश्न त्यांच्या बाबतींत विनोदाचा नाहीं.

पायांचें दुखणें शांतपणें येतें. नसा बधिर झाल्यावर बुटांतला खडा कळत नाहीं, तापलेली फरशी कळत नाहीं. कारखान्यांतील जाड बूट घालण्यापूर्वीं आंत हात फिरवून पाहावा. अनवाणी फिरणें, मग तें देवळाच्या तापलेल्या दगडांवरून प्रदक्षिणा घालण्यासाठीं असलें तरी, टाळावें. आणि रात्रीं तळपाय आरशांत पाहावे, अथवा नातवाकडून पाहून घ्यावे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या शाकाहारी माणसांत ब-१२ जीवनसत्त्व कमी पडून अशाच मुंग्या येतात. ती कमतरता रक्त तपासून कळते आणि भरूनही काढतां येते. म्हणून सर्व दोष मधुमेहावर टाकून स्वस्थ बसूं नये.

राहिली इन्शुलिनची ने-आण. न उघडलेली कुपी शीतकपाटांत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यांत नव्हे. गोठलेलें इन्शुलिन निकामी होतें. वापरांतली कुपी साधारणतः चार आठवडे सावलींत, थंड जागीं टिकते. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत ती ठेवली तर औषध गेलेंच. विदर्भाच्या उन्हाळ्यांत वीज नसेल तेथें ओल्या वाळूंत बसविलेलें मातीचें मडकें उपयोगी पडतें. आपल्याकडे कुपीवर '४०' व '१००' अशा दोन तीव्रता मिळतात, आणि त्यांच्या पिचकाऱ्या निरनिराळ्या आहेत. ४० च्या पिचकारीला बहुधा लाल टोपण असतें, १०० च्या पिचकारीला नारिंगी. १०० चें इन्शुलिन ४० च्या पिचकारींत वीस रेघांपर्यंत ओढलें तर अंगांत वीस नव्हे, पन्नास मात्रा जातात. घाईनें कचेरीशेजारच्या दुकानांतून पिचकारी आणणाऱ्यांनीं कुपीवरचा आंकडा आणि पिचकारीवरचा आंकडा शेजारीं धरून पाहावा.

वापरलेल्या सुया कचेरीच्या केराच्या टोपलींत टाकूं नयेत, आणि घरच्याही नाहीं. ती टोपली रोज सकाळीं उघड्या हातानें कोणी तरी रिकामी करतें. जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झांकणाची एक रिकामी बाटली खणांत ठेवून तींत सुया जमा कराव्या, बाहेर ठळक अक्षरांत 'सुया' असें लिहावें, आणि ती भरत आली कीं झांकण घट्ट करून, डॉक्टरांकडे जातांना बरोबर नेऊन तेथील कचऱ्यांत द्यावी.